दारावरची शिरगणती

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहाला एकच दार होतं, आणि ते बघून मास्तरांना बरं वाटलं. दोन दारांच्या बसमध्ये माणसं मोजायची म्हणजे डोक्याला ताप. एकच दार असलं की काम सरळ असतं. चढले किती, उतरले किती, उरले किती.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. एकतीस वर्षं ते शहराच्या बसमध्ये कंडक्टर होते. प्रवासी कंडक्टरला मास्तर म्हणतात, ते नाव त्यांना असं चिकटलं, की निवृत्त होऊन अकरा वर्षं उलटली तरी गल्लीतला दूधवाला त्याच नावाने हाक मारी.

त्या शनिवारी ते तासभर आधीच येऊन बाकावर बसले होते. जिन्याच्या तोंडाशी कागद डकवला होता. एका स्वतंत्र भारतीय दिग्दर्शिकेचे चार चित्रपट, शनिवार आणि रविवार, सकाळी अकरा आणि दुपारी चार, प्रवेश विनामूल्य. ग्रंथपालबाई खुर्च्या सरळ करता करता कुरकुरत होत्या. फुकट म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही म्हणजे आकडा नाही, आणि वरच्या कचेरीला तर प्रत्येक खेळाला किती माणसं आली ते लिहून हवं होतं. प्रोजेक्टरही त्यांनाच चालवायचा होता. मास्तर म्हणाले, मी मोजतो. बाईंनी त्यांना दारापाशी खुर्ची दिली. बाई आणि मास्तर, ही दोन डोकी आकड्यात धरायची नाहीत, असं ठरलं.

मास्तरांचं येणं काही सिनेमाच्या आवडीपोटी नव्हतं. त्यांची लेक दुसऱ्या गावी असे. तिने आठवड्यापूर्वी फोनवर सांगितलं होतं, की बाबा, त्या बाईंचे सिनेमे लागतायत, रविवारी चारचा तुमच्या बसचा आहे, मी येते, आपण दोघं बघू. सव्वीस वर्षांपूर्वी ती दिग्दर्शिका एक कॅमेरा आणि तीन माणसं घेऊन मास्तरांच्या बसमध्ये चढली होती. नट नको होते तिला. चालती बस, खरे प्रवासी, खरा कंडक्टर. त्या दिवशी मास्तरांची बायको बहिणीकडे जायला निघाली होती आणि नेमकी त्याच फेरीला बसली. सिनेमा कुठल्या थिएटरला लागलाच नाही. मास्तरांनी तो कधी पाहिला नव्हता, म्हणूनच आदल्या दिवशीही त्यांचा घरात पाय ठरला नव्हता.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो होते, पण फोटो काढायचा म्हटलं की ती अशी ताठ बसायची, जणू डॉक्टरने श्वास रोखून धरायला सांगितलाय. हलणारी, बोलणारी ती कुठेच नव्हती. दोनेक वर्षांपूर्वी एका सकाळी मास्तरांच्या लक्षात आलं, की तिचा आवाज आता नीट आठवत नाही. शब्द आठवत होते. आवाज गेला होता. ही गोष्ट त्यांनी लेकीलाही सांगितली नव्हती.

पहिला खेळ एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा होता. त्रेचाळीस माणसं आत गेली. दीड तासाने दिवे लागले, दार उघडलं, आणि बाहेर आली चव्वेचाळीस.

मास्तर चिडले, ते स्वतःवर. ग्रंथपालबाईंना त्यांनी त्रेचाळीसच सांगितले. म्हटलं, वय झालं. पण जेवताना पुन्हा पुन्हा तेच डोक्यात येत राहिलं. एकतीस वर्षांत तपासनीस बसमध्ये कितीदा चढले असतील, मास्तरांच्या मोजणीत एकदाही एक डोकं चुकलं नव्हतं.

दुपारच्या खेळाला त्यांनी डोळ्यांत तेल घालून मोजलं. अठ्ठावन्न. मग दार लोटून ते मागच्या भिंतीशी उभे राहिले. सिनेमा एका मोठ्या लाँड्रीतला होता. वाफ, ओल्या चादरी, इस्त्र्या. त्यात एक उंच बाई होती, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, डाव्या हातावर भाजल्याचा पांढुरका डाग. ती चादर झटकायची तेव्हा सगळ्या पडद्याला हिसका बसल्यासारखं वाटे. शेवटी शेवटी ती कामावरून सुटून दाराबाहेर येते आणि सिनेमा संपतो.

अठ्ठावन्न माणसं बाहेर पडली. मास्तरांनी हुश्श केलं आणि दार ओढून घ्यायला हात घातला. तेवढ्यात आतून आणखी कुणीतरी आलं.

बाह्या दुमडलेल्या होत्या. साबणाचा आणि गरम कापडाचा वास आला. तिची बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली होती. मास्तरांकडे न बघता ती जिना उतरली. मास्तर मागोमाग गेले. पायऱ्यांवर पाण्याचे थेंब पडले होते. त्यांनी वाकून एकाला बोट लावलं. थेंब कोमट होता.

खाली फाटकाशी माणसं घोळके करून बोलत होती. ती बाई थांबली आणि एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवू लागली. मास्तरांनी ती नजर हजारदा पाहिली होती. लांबच्या गाडीतून उतरलेलं माणूस असंच बघतं, आपल्याला घ्यायला कोण आलंय म्हणून. तिला घ्यायला कुणी आलं नव्हतं. मग ती कामावरून घरी जाणाऱ्या माणसाच्या चालीने निघाली आणि कोपऱ्यावर वळली. मास्तर कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा रस्त्यात नेहमीचीच माणसं होती.

ते वर आले. दिग्दर्शिका जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. पासष्टीची, आखूड पांढरे केस, गुडघ्याला पट्टा. दोन्ही खेळांना ती आत गेली नव्हती, बाहेरच बसून होती. मास्तरांनी आपली ओळख सांगितली. तिला लगेच आठवलं. मग त्यांनी आडवळणाने विचारलं, की लाँड्रीतल्या त्या उंच बाई आज आल्या होत्या वाटतं.

दिग्दर्शिकेने पट्ट्याची कड चाचपली. "मी त्यांना शेवटचं बघितलं ते इस्पितळात," ती म्हणाली. "त्याला चौदा वर्षं झाली. सकाळी किती जास्त होते?"

"एक."

"घड्याळवाले असतील."

पट्टा सारखा करत ती उठली. जाता जाता एवढंच म्हणाली, "मास्तर, खेळ संपला की दार लगेच ओढून घेऊ नका. काहींना उठायला वेळ लागतो."

घरी जाताना मास्तरांनी सगळं तर्काने लावून पाहिलं. ती बाई त्या बाईची बहीण असेल. लेक असेल. दिग्दर्शिका म्हातारी झालीय, तिच्या डोक्यात काही गोंधळ असेल. सगळं नीट लागत होतं. फक्त तो कोमट थेंब कुठे बसवावा ते कळत नव्हतं.

आणि तरीही त्यांनी संध्याकाळी घर झाडलं. बायकोच्या बाजूची उशी कपाटातून काढून झटकली. जिन्यातल्या त्यांच्या मजल्यावरचा दिवा तीन महिने गेलेला होता, तो बदलला. लेकीचा फोन आला. जेवलात का, औषध घेतलंत का, हे झाल्यावर तिने विचारलं, बाबा आवाज असा काय येतोय तुमचा? मास्तर म्हणाले, काही नाही, धूळ उडाली. फाटकाशी उभं राहून चेहरे शोधणारी ती बाई त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. उद्या असं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. उद्या जी बाहेर येईल, तिला घ्यायला माणूस उभा असेल.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बायकोला आवडायची ती रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवली, दाराला कुलूप लावलं, सवयीप्रमाणे दोनदा ओढून पाहिलं.

अकराचा खेळ एका टंकलेखकाचा होता. एकोणपन्नास आत गेले आणि पन्नास बाहेर आले. पन्नासावा माणूस बारीक होता, त्याच्या बोटांना कार्बन कागदाची निळाई लागली होती. या खेपेला मास्तर धीर करून त्याच्याशी बोलले. म्हणाले, सांभाळून, पायऱ्या उंच आहेत. तो "हो" म्हणाला. त्या "हो"च्या मागे बारीक खरखर होती, जुन्या ध्वनिफितीवर असते तशी.

लेक साडेतीनला आली. मोठं बिऱ्हाड सांभाळणारी, घाईने बोलणारी बाई, पण सभागृहाच्या दाराशी आली आणि लहान मुलीसारखी त्यांचा हात धरून उभी राहिली. तिची परतीची गाडी सहाला होती. माझ्याशेजारी बसा ना, ती म्हणाली. मास्तर म्हणाले, माझी ड्यूटी आहे, मी मागे दारापाशीच आहे, तू बस. लेकीला धरून एकाहत्तर माणसं झाली.

दिवे मालवले.

पडद्यावर आधी नुसता रस्ता आला, बसच्या पुढच्या काचेतून दिसणारा. मग बसचा आतला भाग. मास्तरांनी आपली बस ओळखली, मागच्या बाकावरची फाटकी गादीसुद्धा ओळखली. मग गर्दीतून वाट काढत एक माणूस आला. काळी मिशी, खांद्याला चामड्याची बॅग, कानाला पेन्सिल. त्रेचाळीस वर्षांचा. त्याला बघून मास्तरांना वाटलं, किती घाईत असायचा हा.

आणि तिसऱ्या खिडकीशी ती बसली होती. मांडीवर छत्री, केस वाऱ्याने विस्कटलेले. ती बाहेर बघत होती. मग तिने मान वळवली. नुसती मान वळवली, आणि मास्तर भिंतीपासून दोन पावलं पुढे आले.

"कुठं जायचं, बाई?" पडद्यावरच्या कंडक्टरने अगदी परक्या आवाजात विचारलं.

"ही बस जाईल तिथं."

"मग शेवटच्या स्टॉपचं देऊ?"

"द्या. आणि मास्तर, तुम्ही डबा घरी विसरलात, तो घ्या."

बसमधली माणसं हसली. सभागृहातलीही हसली. पुढच्या रांगेत लेक हसता हसता रडत होती, ते मास्तरांना तिच्या खांद्यांवरून कळलं. ते स्वतः हसले नाहीत की रडले नाहीत. तिचा आवाज किंचित घोगरा होता. गळा नुकताच बसून बरा झाल्यासारखा. गेली काही वर्षं ते मनातल्या मनात एका बारीक, गोड आवाजाशी बोलत आले होते. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

सिनेमा अजून बराच होता. बस चालत राहिली, माणसं चढत उतरत राहिली. तिसऱ्या खिडकीशी ती कधी दिसे, कधी कुणाच्या पाठीआड जाई. अखेरच्या दहा मिनिटांत मास्तर हळूच बाहेर आले. तिला घ्यायला दारात उभं राहायचं तर आत राहून चालणार नव्हतं.

दिग्दर्शिका बाकावर होती. तिने सरकून जागा केली, पण मास्तर बसले नाहीत.

"तुमच्या मिसेस एकट्या नाहीत त्या सिनेमात," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तुम्ही दोघं एकाच चौकटीत आहात. मी फिल्म कापतानाही तुम्हाला वेगळं करू शकले नव्हते."

मास्तर म्हणाले, हो, मी आत्ताच बघितलं. तिला आणखी काही सांगायचं होतं असं वाटलं. पण आतून टाळ्या ऐकू आल्या.

दार उघडलं. मास्तरांनी मोजायला सुरुवात केली. वीस. चाळीस. लोक डोळे पुसत, खाकरत, एकमेकांना वाट देत बाहेर येत होते. साठ. एकाहत्तरावी लेक. तिने बापाच्या छातीवर क्षणभर डोकं टेकवलं. म्हणाली, आई तशीच आहे की हो बाबा. मग घड्याळ बघितलं. मास्तर म्हणाले, तू खाली टॅक्सी थांबव, मी आलोच.

तिची पावलं जिन्यावरून खाली गेली.

दार उघडंच होतं. आत दिवे लागलेले, खुर्च्या रिकाम्या. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता.

"आत आणखी कुणी आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही हो," वायरी गुंडाळता गुंडाळता ग्रंथपालबाई आतून म्हणाल्या. "मी एकटीच आहे."

मास्तर थांबले. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. एक वाक्य ते सकाळपासून पाठ करत होते. चल, घरी जाऊ. एवढंच.

पावलं वाजली. दोन माणसांची.

आधी तो आला. काळी मिशी, खांद्याला बॅग, कानाला पेन्सिल. त्याने दार पाठीने धरून ठेवलं आणि मागच्या माणसाला वाट दिली.

बहात्तर.

मग ती आली. हातात छत्री होती. केस अजून विस्कटलेले होते, आणि आता इथे वारा नव्हता.

त्र्याहत्तर.

"अगं," मास्तर म्हणाले.

ती थांबली. तिने त्यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं, म्हाताऱ्या माणसाकडे बघावं तसं, अदबीने. मग ती पुढे झाली, आणि दोन पायऱ्या उतरल्यावर त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंत? अगदी मामंजींसारखे दिसतात ते."

तो हसला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. घाईतच होता.

मास्तर जिन्याच्या तोंडाशीच थांबले. दिग्दर्शिका त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली, तिने त्यांच्या दंडाला धरलं. ग्रंथपालबाईंनी वही घेऊन आकडा विचारला. मास्तरांनी सांगितलं, एकाहत्तर.

खाली लेक टॅक्सीचं दार धरून उभी होती. बाबा, चेहरा असा का झालाय, म्हणून तिने विचारलं. मास्तरांनी उलट तिला विचारलं, आत्ता कुणी बाहेर पडलं का? ती फोनवर बोलत होती. म्हणाली, एक जोडपं गेलं हसत, चेहरे नाही बघितले मी. मग टॅक्सीत बसता बसता म्हणाली, "त्या माणसाची चाल बघून उगीच वाटलं, तुम्ही पूर्वी असेच चालायचात."

टॅक्सी गेली. मास्तर चालत निघाले. ऊन उतरलं होतं, पण उजेड होता. दुकानं उघडी होती, लोक पिशव्या घेऊन जात होते. आपण कुठल्या रस्त्याने चाललोय, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कानात तो घोगरा आवाज होता. तो परत हरवू नये म्हणून ते तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. अगदी मामंजींसारखे दिसतात ते.

घराच्या खाली आल्यावर त्यांनी वर बघितलं. सकाळी उघडी ठेवलेली खिडकी कुणीतरी अर्धी ओढून घेतली होती. ती तशीच ओढायची, अर्धी. धूळ येऊ नये आणि वारा यावा म्हणून.

मास्तर जिना चढले. त्यांच्या मजल्यावरचा नवा दिवा लागलेला होता.

दाराला कुलूप नव्हतं. कोयंडाही नव्हता. तो त्यांनी निवृत्तीनंतर बसवला होता. त्याच्या जागी लाकूड गुळगुळीत होतं, एक भोकसुद्धा नव्हतं.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. नळ सुरू झाला, बंद झाला. कुणीतरी हसलं.

मास्तर हातात किल्ली धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी दार वाजवलं, हलकेच, दोन बोटांनी.

पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दारातल्या भिंगाआडचा उजेड क्षणभर झाकला गेला.

"कोण आलंय हो?" आतून तिचा आवाज आला.

"कुणी नाही गं." मास्तरांचाच आवाज, दिवसभर ओरडून थकलेला, तरुण. "एक म्हातारे गृहस्थ आहेत. घर चुकलेत वाटतं."



"मग असं उभं काय ठेवता त्यांना?" ती म्हणाली. आवाज जवळ येत होता. "चार जिने चढून आले असतील. पाणी तरी विचारा."

आतली कडी निघाल्याचा आवाज झाला. मास्तरांनी किल्ली खिशात टाकली, आणि परक्याच्या दारात उभं राहावं तसे ते एक पाऊल मागे सरकले.